कोंबड्याच्या मानेचं पीस

ट्राउट नावाचा मासा
आपल्या पंचगंगेत नाही, हे
चिखलीचं शेंबडं पोरही सांगेल.
तरी पेन्शनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात
सुभेदार हिंदुराव चौगले
प्रयागाच्या संगमावर गुडघाभर पाण्यात उभे,
हातात काश्मीरहून आणलेली लवलवती काठी,
आणि दोरीच्या टोकाला
गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही,
नुसतं पीस.

धुणं धुणाऱ्या बायका हसल्या.
मीही हसले. मी त्यांची बायको.

पीस मात्र माझ्याच फॉल-पिकोच्या धाग्यानं बांधलेलं.
शनिवारी शौकत मुल्लाणीकडून
तांबड्या कोंबड्याची मान मागून आणायची.
पंखातलं नको, शेपटीतलं नको,
मानेचंच, चिवट, पाण्याला न भिणारं.
गळाला तीन वेढे, मग गाठ,
गाठीला जागा तांदळाच्या दाण्याएवढी.
"जाड झालं मालन. हे बसणार न्हाई, बुडंल."
तीस वर्षं ब्लाउजांना हुक लावणारीला
हा माणूस गाठ शिकवत होता.
उसवून परत बांधलं. तरंगलं.

तालमीच्या कट्ट्यावर वाद व्हायचा,
ह्या खेळात मोठं काय?
कुणी म्हणे मनगट, कुणी म्हणे नजर,
कुणी म्हणे नशीब आणि रिकामा वेळ.
ज्योतिराम पैलवानानं एकदा काठी हिसकून घेतली,
अंगातला सगळा जोर लावला,
आणि गळ स्वतःच्याच कानात रुतवून
सीपीआरला गेला.

"जोराचं काम न्हाई," हे म्हणाले.
"दोरी मागं जाऊ द्यायची. पुरी. सरळ. मगच पुढं."
"आणि मागं थांबायचं किती?"
"लागतंय तेवढं."
ह्याला काय उत्तर म्हणायचं?

गेल्या दिवाळीनंतर ह्यांचा उजवा खांदा धरला.
केस विंचरायलाही हात वर जाईना.
महिनाभर काठी कपाटामागं.
मग एका रविवारी हे काठावरच्या दगडावर बसले
आणि कासोटा घालून पाण्यात मी.
बायका परत हसल्या. हसू देत.

"पाणी बघू नको, फेस बघ.
फेस जातोय तिथनंच किडं जात्यात,
किडं जात्यात तिथंच मासा तोंड वर करून असतोय."
आमच्या नदीत फेस दोन तऱ्हेचा,
एक नदीचा, एक कारखान्याचा.
ते ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

पहिल्यांदा पीस बाभळीत.
दुसऱ्यांदा माझ्या पदरात.
तिसऱ्यांदा एका म्हशीच्या शिंगाला, आणि म्हैस शांत.
दगडावरून आवाज, "थांब की! मागं थांब!"
आणि काय झालं कुणास ठाऊक,
डोळ्यांपुढं माझी मशीन आली.
कोपरा आला की सुई कापडातच ठेवायची,
दाब उचलायचा, कापड फिरवायचं,
आणि मगच पायडल.
त्या मधल्या वेळात काहीच शिवलं जात नाही
आणि तिथंच कोपरा नीट होतो.

दोरी मागं गेली.
सुई कापडात ठेवली मी.
मग पुढं.
पीस फेसाच्या कडेला टेकलं,
नीट, पदर खांद्यावर टाकावा तसं.

एक टिचकी.
आलं ते आळकूट,
करंगळीएवढं, चांदीच्या बेगडासारखं.
असलं शंभर उचलावं तेव्हा एक कालवण.
पण दगडावरचा सुभेदार उठून उभा,
धरलेला हात खांद्याच्या वर गेलाय
हे त्याचं त्यालाही कळलं नाही.
"हात ओला कर! आधी हात ओला कर!
कोरड्या हातानं त्याची कातडी जळतीया!"

केला. सोडलं.
तळव्यावर वास राहिला, दोन खवले राहिले.

सोमवारी काठापदराच्या ब्लाउजचा गळा शिवताना
कोपऱ्यावर थांबले, जरा जास्तच.
गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं वो काकू, धागा तुटला?"
"न्हाई," म्हटलं,
"दोरी मागं गेलीया. येतीया."